कुत्र्याचं वजन आटोक्यात ठेवायचं तर: साऱ्या घराचा मिळून एकच डबा

आमची जाई लॅब्राडॉर, मादी, तेव्हा सहा वर्षांची. वार्षिक लसीसाठी दवाखान्यात नेली आणि काट्यावर आकडा आला ३८ किलो. डॉक्टरांनी तिच्या बरगड्या चाचपल्या, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "हिला दिवसभरात घरातलं कोण कोण काय काय देतं?" मी म्हटलं, सकाळ-संध्याकाळ पाकिटातलं कुत्र्यांचं कोरडं खाद्य, म्हणजे दाणे, बाकी काही नाही. ते म्हणाले, "एक दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि सगळं लिहा."

लिहिलं. सासूबाईंच्या सकाळच्या चहाबरोबर चार ग्लुकोज बिस्किटं. दुपारी त्यांच्याच हातून तूप लावलेली शेवटची पोळी. शाळेतून आलेल्या मुलाच्या डब्यातला चीजचा तुकडा. खाली फिरायला गेलं की वॉचमनकाकांकडची दोन बिस्किटं. रात्री नवऱ्याकडून वाटीभर म्हशीचं दूध. आणि माझ्याकडून एक उकडलेलं अंडं, कारण अंड्यानं केसांना चकाकी येते असं मी कुठंतरी ऐकलं होतं. बेरीज केली तर दाण्यांशिवाय सहाशे कॅलरी होत होत्या. एवढ्यात दहा किलोच्या कुत्र्याचा अख्खा दिवस निघतो.

कुणी एकानं जाईला जास्त खायला घातलं नव्हतं. प्रत्येकानं थोडंथोडंच दिलं होतं आणि बाकीच्यांनी काय दिलं हे कुणालाच माहीत नव्हतं. भारतीय घरातल्या कुत्र्याचं वजन वाढतं ते बहुतेक वेळा असंच, असं मला आता ठामपणे वाटतं. म्हणून या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठलं महागडं खाद्य नाही, एक स्टीलचा डबा आहे. पण त्याच्या आधी थोडी मोजमापं लागतात.

आधी हात लावून बघा

काट्यापेक्षा हात जास्त खरं सांगतो. कुत्रा उभा असताना त्याच्या दोन्ही बाजूंना तळवे ठेवा, अंगठे पाठीच्या कण्यावर, आणि बोटं बरगड्यांवरून हलकेच फिरवा, न दाबता. आता स्वतःचा एक हात टेबलावर पालथा, सपाट ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्या पालथ्या हाताच्या पाठीवरून चाचपा. त्वचेखाली हाडं लागतात, पण टोचत नाहीत. बरगड्या अशा लागल्या तर वजन ठीक आहे. मूठ आवळल्यावर वर येणाऱ्या गाठींसारख्या लागल्या तर कुत्रा बारीक आहे. आणि हात उताणा करून तळव्याच्या मऊ भागावरून बोटं फिरवल्यासारखं वाटलं, दाबल्याशिवाय हाड सापडेना, तर चरबी चढली आहे.

मग वरून बघा. बरगड्या संपल्या की कंबर आत गेलेली दिसायला हवी. बाजूनं बघितलं तर पोट छातीच्या पातळीवरून मागच्या पायांकडे वर चढत गेलेलं हवं. वरून चौरंगासारखी सपाट पाठ, शेपटीच्या बुडाशी चरबीची गादी आणि चालताना हलणारं पोट ही जास्त वजनाची लक्षणं. पॉमेरेनियन, शित्झू, जर्मन शेफर्ड अशा केसाळ कुत्र्यांच्या बाबतीत नजरेवर अजिबात विसंबू नका. केसांच्या आत बोटं घाला.

पशुवैद्य याच तपासणीला १ ते ९ असे गुण देतात. ४ किंवा ५ म्हणजे उत्तम. ५ च्या वरचा प्रत्येक गुण म्हणजे ढोबळमानानं दहा ते पंधरा टक्के जास्तीचं वजन. जाईला मिळाले होते ८.

इथं एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्याकडचे कारवान, मुधोळ यांसारखे शिकारी बांध्याचे कुत्रे मुळातच सडपातळ असतात, त्यांच्या शेवटच्या एकदोन बरगड्या दिसणं स्वाभाविक आहे. गावठी कुत्राही जात्याच चपळ, आत गेलेल्या पोटाचा. त्यांना लॅब्राडॉरसारखं भरवून "बाळसं" आणण्याच्या फंदात पडू नका.

वजन करा, आणि गाठायचा आकडा ठरवा

लहान कुत्रा असेल तर त्याला कडेवर घेऊन माणसांच्या काट्यावर उभं राहा, मग एकट्यानं उभं राहा, आणि वजाबाकी करा. वीस किलोच्या वरच्या कुत्र्याला उचलून पाठ दुखवून घेण्यापेक्षा दवाखान्यातला मोठा काटा बरा. बहुतेक ठिकाणी नुसतं वजन करायला कुणी पैसे घेत नाही. काटा दर वेळी तोच हवा, वेळ शक्यतो तीच हवी, आणि खाण्याआधीची हवी.

गाठायचं वजन असं काढा: ८ गुण म्हणजे साधारण तीस टक्के जास्त. ३८ भागिले १.३ केलं की २९ च्या थोडं वर येतं. आम्ही डॉक्टरांशी बोलून ३० किलो हा आकडा धरला. जातीच्या तक्त्यातला आकडा बघून हे ठरवू नका. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांच्या हाडापेरात खूप फरक असतो.

डॉक्टरांकडे एकदा नक्की

खाणं कमी करण्याआधी रक्ततपासणी करून घ्या. थायरॉईड मंदावला असेल तर कुत्रा कमी खाऊनही जाड होतो, सुस्त होतो, अंगावरचे केस विरळ होतात. कुशिंग नावाच्या आजारात पोट सुटतं, पाणी आणि लघवी दोन्ही वाढतात, भूक अनावर होते. खाजेसाठी दिलेल्या स्टेरॉईडच्या गोळ्या आणि फिट्सवर देतात ते फिनोबार्बिटोन यांनीही भूक वाढते. असं काही असेल तर नुसत्या पथ्यानं काम होणार नाही. आणि औषध मनानं बंद करू नका.

पोट अचानक फुगलं तर तो लठ्ठपणा नव्हे. पोट टम्म, ओकारीचे उमाळे येताहेत पण बाहेर काही पडत नाही, कुत्रा बेचैन आहे, असं दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. जठराला पीळ पडलेला असू शकतो आणि त्यात तास-दोन तासही मोलाचे असतात. नसबंदी न झालेली मादी माजानंतर काही आठवड्यांनी मलूल झाली, पाणी खूप पिऊ लागली, पोट मोठं दिसू लागलं, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तीही तातडीचीच गोष्ट.

वाढत्या वयाची पिल्लं, गाभण आणि पाजणाऱ्या माद्या यांना पुढचा हिशेब लावू नका. पिल्लाचं खाणं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मात्र मोठ्या जातीच्या पिल्लाला गुबगुबीत करणंही चुकीचं आहे, भराभर वाढलेल्या वजनाचा भार कोवळ्या सांध्यांवर पडतो.

किती कॅलरी?

साधं कॅल्क्युलेटर घ्या. गाठायचं वजन तीन वेळा लिहून गुणाकार करा: ३० × ३० × ३० = २७,०००. आता वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा. १२.८ येतं. त्याला ७० नं गुणा. उत्तर साधारण ९००. एवढ्या कॅलरी तीस किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही लागतात, आणि वजन उतरवताना दिवसाचं खाणं याच आकड्याच्या आसपास ठेवतात. पाच किलोसाठी हा आकडा २३५ येतो, दहासाठी ३९५, पंधरासाठी ५३५, वीससाठी ६६०, पंचवीससाठी ७८५. (पाकिटावर किलोकॅलरी असं छापलेलं असतं. आपण बोलताना कॅलरी म्हणतो ती हीच.)

लक्षात घ्या, वजन उतरवताना हिशेब आजच्या वजनाचा नाही, गाठायच्या वजनाचा. ज्यांच्या कुत्र्याचं वजन आत्ता योग्यच आहे त्यांनी या आकड्याला १.४ ते १.६ नं गुणावं. नसबंदी झालेल्या, घरातच असणाऱ्या कुत्र्याला १.४ पुरतं, कित्येकांना त्याहून कमी. नसबंदीनंतर शरीराची ऊर्जेची गरज कमी होते आणि भूक मात्र वाढते, म्हणून ऑपरेशन झाल्यापासूनच वाटी लहान करायला हवी. हे आम्हाला तेव्हा उमगलं नाही. जाईचं वजन वाढायला सुरुवात झाली ती बरोबर त्याच वर्षी.

आपल्या स्वयंपाकघरातले आकडे या नऊशेच्या शेजारी ठेवून बघा. तेल लावलेली मध्यम पोळी १२० च्या आसपास. चमचाभर तूप ४५. एक ग्लुकोज बिस्किट २० ते २५. शंभर मिलिलिटर म्हशीचं दूध सुमारे १००. अंडं ७५. शंभर ग्रॅम शिजलेला भात १३०. दहा किलोच्या स्पिट्झला एक पोळी दिली तर त्याच्या दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा तिथंच संपला. आपण म्हणतो, "एकच तर पोळी दिली."

बाजारातल्या दाण्यांच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण ३२० ते ४०० कॅलरी असतात. पाकिटावर आकडा नसला तर तो काढता येतो. प्रथिनं, स्निग्ध, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजांचा भाग) यांचे टक्के शंभरातून वजा केले की पिष्ट उरतं. राख छापलेली नसेल तर ८ धरा. मग प्रथिनं आणि पिष्ट यांना प्रत्येकी ३.५ नं आणि स्निग्धाला ८.५ नं गुणून बेरीज करा. प्रथिनं २२, स्निग्ध १०, तंतू ४, ओलावा १०, राख ८ असेल तर पिष्ट ४६. हिशेब होतो ७७ + ८५ + १६१ = ३२३.

आता डबा

सकाळी एकदाच, एकाच माणसानं, काट्यावर तोलून कुत्र्याचं दिवसभराचं सगळं खाणं एका झाकणाच्या डब्यात काढायचं. सकाळचं, संध्याकाळचं, शिकवताना द्यायचा खाऊ, आजीनं प्रेमानं द्यायचा घास, सगळं त्यात. ज्याला द्यायचं असेल त्यानं त्यातूनच घ्यायचं. डबा रिकामा झाला की दिवस संपला.

तोलायला स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा हवाच. मगाचा किंवा वाटीचा भरवसा धरू नका. एकाच मगमध्ये एक माणूस सपाट भरतो, दुसरा शीग लावतो. पाच किलोच्या कुत्र्याला रोज दहा ग्रॅम जास्त गेले तरी त्याच्या शरीरावर त्याचा परिणाम होतो. आमच्या घरी नवऱ्याचा मग आणि माझा मग यात चाळीस ग्रॅमचा फरक निघाला.

जाईच्या नऊशेपैकी दहावा हिस्सा, म्हणजे नव्वद कॅलरी, आम्ही खाऊसाठी बाजूला ठेवल्या. बाकी ८१० चे दाणे. ३४० कॅलरीचे दाणे धरले तर सुमारे २४० ग्रॅम. मात्र इथं एक अडचण आहे. साध्या दाण्यांचं प्रमाण पाकिटावरच्या मापापेक्षा फार खाली नेलं की कॅलरीबरोबर प्रथिनं, खनिजं, जीवनसत्त्वंही कमी पडतात. म्हणून बरंच वजन उतरवायचं असेल तर डॉक्टर खास वजन कमी करायचं खाद्य लिहून देतात. त्यात प्रथिनं आणि तंतू जास्त, कॅलरी कमी. ते महाग पडतं, पण काही महिन्यांचाच प्रश्न असतो. आम्ही ते वापरलं. एकदम बदलू नका, सात-आठ दिवस जुन्यात थोडंथोडं मिसळत जा, नाहीतर जुलाब लागतात.

डब्याच्या पद्धतीत सगळ्यात अवघड भाग माणसांचा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मुक्या जिवाला असं मोजून घालतात का?" त्यांचं म्हणणं मला मनापासून कळतं. आपल्याकडे शेवटची पोळी कुत्र्याची असते. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, आणि कुत्र्यानं कोरडी भाकरी पळवली म्हणून नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट त्यांनीच माझ्या मुलाला सांगितली आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं, "आई, तो कुत्रा दिवसभर गावात पळणारा होता. आपली जाई सोफ्यावरून उतरताना कण्हते." मग त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी जाईच्या मागच्या पायांचा एक्स-रे दाखवला. त्या दिवसापासून डबा भरायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं, आणि त्यांच्याइतकं काटेकोर ते कुणी केलं नाही. तुमच्याही घरात जो सगळ्यात जास्त खायला घालतो, त्याच्याच हाती डबा द्या.

वॉचमनकाकांकडे मी डब्यातल्याच दाण्यांची छोटी पुडी देऊन ठेवली. त्यांचा देण्याचा आनंद मोडला नाही, जाईचा घेण्याचाही नाही. घरात दोन कुत्री असतील तर वेगळ्या खोल्यांत खायला घाला आणि उरलेली भांडी लगेच उचला. सोसायटीच्या आवारातल्या नसबंदी झालेल्या कुत्र्यांना पाच घरांतून जेवण मिळत असेल तर तिथंही वार वाटून घेता येतात.

डब्यात काय शोभतं आणि काय मुळीच नको

खाऊसाठी उत्तम म्हणजे काकडी, गाजर, वाफवलेला दुधी, लाल भोपळा, फरसबी. वाटीभर काकडीत वीस कॅलरीही भरत नाहीत आणि कुरकुरीत चावायचं समाधान मिळतं. बिया काढलेलं सफरचंद किंवा कलिंगडाची एखादी फोड चालते. आंबा, चिकू, केळं गोड, त्यामुळे अगदी नखाएवढं. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे करा. कुत्रा तुकडे किती मिळाले हे लक्षात घेतो, तुकडा केवढा होता हे नाही.

फोडणीची भाजी, रस्सा, आमटी नको. आपल्या जवळजवळ सगळ्या रश्शांत कांदा-लसूण असतो आणि त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आम्ही नाशिकचे, म्हणून द्राक्षांबद्दल जास्त कळकळीनं सांगते. जानेवारी ते मार्च घराघरात द्राक्षांच्या पेट्या असतात, बेदाणे तर वर्षभर. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ली तर चालतील असं सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. त्यातलं टार्टारिक आम्ल हे यामागचं कारण असावं, असं आता अनेक पशुवैद्यक मानतात. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणून चिंचेचा कोळ घातलेलंही दूर ठेवा. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ विषारी. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात रुततात. मटणाची चरबी आणि तळणीचे पदार्थ यांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि जाड कुत्र्यांना तो धोका जास्त.

घरचंच जेवण देणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण भात-चिकन-भोपळा एवढ्यावर कुत्र्याचं शरीर पूर्ण चालत नाही. कॅल्शियम हमखास कमी पडतं आणि इतरही बरंच. दूध-पोळी किंवा दही-भात तर वजन वाढवणारं आणि प्रथिनांनी तोकडं. घरचं करायचंच असेल तर पशुवैद्याकडून ग्रॅममध्ये लिहून घ्या, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांच्या पुडीसकट. गावात असं मार्गदर्शन मिळत नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत विचारता येतं.

"ती भुकेली आहे"

असेल. खरंच असेल. लॅब्राडॉरच्या बाबतीत तर त्याला पुरावा आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याची जाणीव मेंदूला देण्यात या जनुकाचा वाटा आहे. २०२४ साली त्याच गटानं पुढचं दाखवलं: असे कुत्रे दोन जेवणांच्या मध्ये जास्त भुकेले राहतात आणि विश्रांतीत ऊर्जाही कमी खर्च करतात. हे वाचल्यावर मी जाईला "खादाड" म्हणणं सोडून दिलं. ती हावरट नाही, तिच्या शरीराची घडणच तशी असेल, आणि म्हणूनच तिच्या वतीनं मोजायचं काम आपलं आहे.

भूक सुसह्य करायचे मार्ग आहेत. तेवढंच खाणं दोनऐवजी तीन-चार वेळांत विभागा. दाण्यांत पाणी घालून पंधरा मिनिटं भिजवा, ते फुगतात. वाफवलेला दुधी किंवा फरसबी मिसळा. आणि भांड्यातून देणं कमी करा. जुना टॉवेल अंथरून त्यात दाणे विखरा, सैल गुंडाळी करा आणि तिला शोधू द्या. जाईचं जे जेवण चाळीस सेकंदांत संपायचं ते दहा-बारा मिनिटं चालू लागलं. पावसाळ्यात बाहेर जाता येत नाही तेव्हा घरभर दाण्यांची छोटी छोटी पुंजकी लपवून ठेवणं हा आमच्या मुलाचा आवडता उद्योग.

आपण जेवायला बसलो की टेबलाजवळ येऊन बसण्याची सवय मोडायला तीन आठवडे लागले. त्या वेळी तिला तिच्या चटईवर पाठवायचं, तिथं बसून राहिली तर डब्यातला एक दाणा द्यायचा. पानातलं मात्र एकदाही नाही. आठवड्यातून एकदा जरी दिलं तरी ती रोज वाट बघणार. कित्येकदा कुत्र्याला खाणं नको असतं, आपण हवे असतो. वाटीकडे बघून भुंकली की मी आधी पाच मिनिटं खेळते. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.

फिरणं: उपयोगाचं, पण त्यानं पोळी फिटत नाही

तीस किलोचा कुत्रा तीन किलोमीटर चालला तर अंदाजे शंभर कॅलरी खर्च होतात. म्हणजे एक पोळीही नाही. वजन उतरतं ते डब्यानं. चालण्यानं स्नायू टिकतात, सांधे मोकळे राहतात, मन रमतं.

जाड कुत्र्याला पहिल्याच दिवशी तासभर पळवू नका. दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, पट्टा बांधून सलग चालणं. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी उठताना अडखळली तर मागे या. चेंडू फेकून उड्या मारायला लावणं, सारखे जिने चढवणं-उतरवणं सध्या नको. फ्लॅटमधल्या गुळगुळीत फरशीवर जाड कुत्र्याचे मागचे पाय फाकतात आणि सांध्यांना झटका बसतो. तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंज्या किंवा रबरी चटया टाका.

मार्च ते जूनपर्यंत सकाळी सातच्या आत आणि रात्री उन्हाची धग उतरल्यावरच बाहेर. रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसत नसेल तर तिच्या पंजालाही सोसणार नाही. चरबीमुळे अंगातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर उष्माघात फार पटकन होतो. पावसात साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, त्यातून लेप्टोचा संसर्ग होऊ शकतो. घरी आल्यावर बोटांच्या फटी कोरड्या करा.

सणवार

गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळीचा आठवडा, दोन्हींत आमचा काटा दोनदा अडकला. पाहुणे येतात, प्रत्येकाच्या हातात करंजी नाहीतर मोदक, आणि समोर जाई. आम्ही आता दारातच एक वाटी ठेवतो, डब्यातल्या दाण्यांची. येणाऱ्याला सांगायचं, "तिला हे द्या, तिला आवडतं." नुसतं "देऊ नका" म्हटलेलं कुणी ऐकत नाही. हातात काहीतरी दिलं की ऐकतात. उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीचा घास देऊ नका, त्यात पिष्ट, दाण्याचं कूट आणि तूप सगळं एकवटलेलं असतं.

किती वेगानं, आणि काटा अडला तर

आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्का उतार चांगला. दोन टक्क्यांहून जास्त वेगानं उतरू लागलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, तेव्हा खाणं थोडं वाढवा. दर दोन आठवड्यांनी वजन लिहा. शेवटच्या बरगडीशी टेपनं पोटाचा घेर मोजा आणि महिन्याला एकदा वरून फोटो काढा. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही, फोटोत दिसतो.

जाईचे पहिले दोन महिने आठवड्याला तीनशे ग्रॅम उतरले. मग पाच आठवडे काटा जागचा हलला नाही. अशा वेळी आधी गळती शोधा. आमच्याकडे ती सापडली: रोजच्या सांध्याच्या गोळीबरोबर मीच पेढ्याचा तुकडा देत होते. गोळी भोपळ्याच्या फोडीत घातली आणि काटा हलला. गळती नसेल तर डॉक्टरांना विचारून डबा दहा टक्क्यांनी कमी करा. त्याहून खाली मनानं जाऊ नका.

हा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी त्यांना एक अभ्यास सांगते. अमेरिकेत एका पेटफूड कंपनीनं ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीतली दोघं एकाच विणीतली. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खाणं, आयुष्यभर. २००२ साली निष्कर्ष छापून आले. जास्त खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मी कुत्री ज्याच्या आधी गेली, निम्मी नंतर, ते वय) ११.२ वर्षं भरलं, कमी खाणाऱ्यांचं १३, आणि त्यांना संधिवाताच्या औषधांची गरजही उशिरा पडली. कुत्र्याच्या आयुष्यात जवळजवळ दोन वर्षं म्हणजे किती, हे कुत्रा पाळणाऱ्याला सांगायला लागत नाही.

आकडा गाठल्यावर

जाईला ३० किलोवर यायला साडेनऊ महिने लागले. तिथं पोचल्यावर बहुतेक घरं डबा बंद करतात आणि सहा महिन्यांत वजन परत चढतं, कारण उतरलेल्या कुत्र्याची गरज पूर्वीपेक्षा कमीच राहते. डबा चालू ठेवा. खाणं दहा टक्क्यांनी वाढवा, दोन आठवडे वजन बघा, उतरतच असेल तर आणखी दहा टक्के. काटा स्थिर झाला की तो डबा कायमचा. आमचा ११०० कॅलरींवर स्थिरावला. त्यानंतर महिन्यातून एकदा वजन पुरे, आणि दर रविवारी बरगड्यांवरून हात.

शेवटची पोळी अजूनही जाईची आहे. सासूबाई ती चार बोटांएवढी लाटतात, तूप न लावता, तव्यावरून काढली की काट्यावर ठेवतात आणि तेवढ्या कॅलरींचे दाणे डब्यातून परत काढून घेतात.